कात्री कुणाच्या हातात

अमळनेरात केसांवरून घरात वाद झाला की साने गुरुजी आठवतातच. 1924 ते 1930 या काळात ते इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, छात्रालयात मुलांबरोबर राहत होते. मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे धुऊन टाकणारे गुरुजी गावाच्या आठवणीत अजून आहेत. पुढे 1933च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. त्यात केसांचा एक प्रसंग आहे. इंग्रजी शिकणारा श्याम डोक्यावर केस राखून घरी येतो आणि वडिलांना ते खपत नाही. केसांचा धर्माशी काय संबंध, हा त्याचा आईला प्रश्न असतो. आई त्याला देवाची भीती घालत नाही. केसांचा मोह पडलाय ना, मग तो मोह सोडण्यातच धर्म आहे, अशा अर्थाचं ती समजावते.

शाळेत असताना हे उत्तर मला पूर्ण पटलं होतं. आज अर्धं पटतं. आईच्या बोलण्यात धाक नाही, उलट मुलाच्या मनावर विश्वास आहे, आणि म्हणून ते मोठं आहे. पण केस श्यामचे होते आणि हुकूम वडिलांचा होता, हे त्या मायेनं झाकलं जात नाही.

हा प्रसंग पुन्हा वाचायचं कारण माझी भाची. ती पुण्यात शिकते, घर अमळनेरात. तिचे केस मुळातच दाट आणि कुरळे. शाळेत तिला त्यावरून नावं ठेवली गेली. दहावीनंतर तिनं पार्लरमध्ये जाऊन ते सरळ करून घेतले आणि मुळांशी नवे केस कुरळे येत राहिले म्हणून पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. आता तिला ते थांबवायचंय. आहेत ते केस तसेच वाढवून त्यांचे लॉक्स करायचे, म्हणजे केसांचे बारीक बारीक पेड कायमचे एकत्र गुंतू द्यायचे, असं तिच्या मनात आहे. मन पक्कं झालेलं नाही, म्हणून तिनं मला विचारलं. आईला विचारलं तेव्हा माझ्या बहिणीच्या तोंडून पहिले शब्द निघाले, "माय वं! जट ठेवशी का आते?"

हा घाबरा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पुण्या-मुंबईच्या मुलीला लॉक्स म्हटल्यावर बॉब मार्ले आठवेल. खानदेशातल्या, देशावरच्या, कोल्हापूर-बेळगावकडच्या आईला गल्लीतली एखादी बाई आठवते. पदराखाली दडवलेली जट, तिला लावलेली हळद, मंगळवार-शुक्रवारचे उपास, आणि 'देवी आलीय, हात लावू नका' ही घरातल्यांची ताकीद.

जट होते कशी, यात गूढ काही नाही. केसाच्या पृष्ठभागावर अगदी बारीक खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. घर्षण झालं, कोरडेपणा आला की ते उघडतात आणि शेजारच्या केसात अडकतात. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळतात. विंचरलं तर ते फणीत येतात. विंचरलं नाही तर जिथल्या तिथे गुंतून राहतात. त्यात तेल, धूळ, घाम मिसळला की गुंता घट्ट होतो आणि काही आठवड्यांत फणी आत शिरेनाशी होते. लांब आजारपण हे याचं एक नेहमीचं कारण. दुसरं बाळंतपण. बाळ दोन-चार महिन्यांचं होतं तेव्हा बहुतेक बायांचे केस नेहमीपेक्षा जास्त गळतात, कारण गरोदरपणात टिकून राहिलेले केस एकदम सुटायला लागतात. नेमक्या त्याच दिवसांत बाईला झोप नसते, विंचरायला उसंत नसते. गुंता वाढतो. तो तेव्हाच तेल लावून, हातानं सोडवून मोकळा करता आला असता. पण कुणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, देवीनं खूण दिली. त्या क्षणी केसांचा गुंता देवीचा होतो आणि बाईचा त्यावरचा अधिकार संपतो.

पुढचं ओझं तिनेच वाहायचं. जट वर्षानुवर्षं वाढत राहते. मान आणि खांदे दुखतात, एका कुशीवर झोपता येत नाही, आत पाणी मुरून राहिलं की वास येतो, खाज सुटते, उवा होतात. काढली तर घरात कुणी दगावेल, आंधळं होईल, वेड लागेल, ही भीती लहानपणापासून कानावर पडलेली. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या परंपरेत तर मुलीच्या डोक्यात जट दिसणं म्हणजे तिला देवीला सोडायचा इशाराच मानला जाई. मग लग्न नाही, गळ्यात 'दर्शन' ही देवीची माळ, हातात परडी, आणि गावातल्या पुरुषांना मोकळं रान. राजीव पाटील यांचा 2009 सालचा 'जोगवा' हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय, त्यांना मुक्ता बर्वेची सुली आठवत असेल. एका जटेनं तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी ठरवून टाकलं. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांमधून त्या सिनेमाला आधार मिळाला, आणि गवस ज्या गडहिंग्लज परिसरातले, तिथे देवदासींच्या हक्कांची चळवळ सत्तरच्या दशकापासून चालू होती.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) 1989 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केली. तिचं राज्य कार्याध्यक्षपद धुळ्याच्या अविनाश पाटलांनी अनेक वर्षं सांभाळलं, म्हणजे खानदेशाला ही चळवळ परकी नाही. समितीच्या कामात जटनिर्मूलन हे एक चिवट काम आहे. पुण्याच्या नंदिनी जाधव त्यात सर्वांत पुढे. त्या पूर्वी ब्यूटी पार्लर चालवायच्या. केसांची जाण त्यांना व्यवसायातून आलेली. त्यांनी आजवर दीडशेहून अधिक बायांच्या जटा सोडवल्या आहेत. कात्रीचं काम थोडक्यात आटपतं. वेळ जातो तो आधीच्या बोलण्यात. बाईशी बोलायचं, मग नवऱ्याशी, सासूशी, कधी ज्या पुजाऱ्यानं भीती घातली त्याच्याशीही. काही वाईट घडलं तर आम्ही जबाबदार, असं स्वतःच्या अंगावर घ्यायचं. जट काढल्यावरही फोन करत राहायचं, कारण त्यानंतर घरात साधा ताप आला तरी खापर त्या कात्रीवर फुटतं. या कामात मला सर्वांत आदर वाटतो तो एका नियमाबद्दल: बाईनं स्वतः हो म्हटल्याशिवाय कात्री लावायची नाही.

2013 साली 20 ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत. भूत उतरवण्यासाठी मारहाण, करणीचा आरोप, साप-विंचू चावल्यावर उपचार अडवणं, अंगात दैवी शक्ती असल्याचं सांगून भीती घालणं. जटेचा वेगळा उल्लेख त्यात नाही. मला ते खटकत नाही. डोक्यावर जट असणं हा गुन्हा होऊ नये. भीती घालून ती ठेवायला लावणारा गुन्हेगार ठरावा, एवढं पुरे.

केसांवर दुसऱ्यांनी सत्ता गाजवण्याची आपली परंपरा जटेपुरती नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नवरा वारला की ब्राह्मण विधवेचं केशवपन होई, ती मुलगी दहा वर्षांची असली तरी. जोतीराव फुल्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायला नकार दिला. पुस्तकात हा प्रसंग एखाद्या ओळीत उरकतात. त्यावर खरं तर अख्खा धडा हवा. ज्यांच्या हातात हत्यार होतं, त्या कष्टकरी माणसांनीच ते खाली ठेवलं. तिकडे केस जबरदस्तीनं काढायचे, इकडे जट जबरदस्तीनं ठेवायची. दोन्हीकडे बाईला कुणी विचारलं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. पोलंडमध्ये अशाच गुंत्याला 'कोवतुन' म्हणत. शरीरातला रोग त्या वाटेनं बाहेर पडतो, कापला तर माणूस आंधळा होतो किंवा वेडा, अशी तिथल्या शेतकऱ्यांची समजूत. एकोणिसाव्या शतकात क्राकूवच्या योझेफ डिएटल या डॉक्टरनं त्याविरुद्ध मोहीम उघडली. तोच पुढे त्या शहराचा महापौर झाला. हे खूळ गरिबांपुरतंही नव्हतं. डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियन डोक्याच्या एका बाजूला लांब पेड राखायचा आणि तो पेड कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग राजवाड्यात आजही जपलेला आहे. सौंदत्तीपासून हजारो मैलांवर, वेगळ्या धर्माच्या माणसांना तेच भय वाटलं, हे जट ठेवणाऱ्या बाईला सांगावं. आपल्याच देवीचा कोप असता, तर तो पोलंडच्या थंडीत कसा पोहोचला असता?

इथून भाचीच्या लॉक्सकडे येऊ. आफ्रिकी वंशाच्या माणसांचे केस घट्ट वळणांचे असतात. ते एकमेकांत गुंतून पेड होणं हा त्यांचा स्वभावच. जमैकात 1930च्या दशकात रास्ताफारी पंथ उभा राहिला. 2 नोव्हेंबर 1930ला इथिओपियात हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला, आणि गुलामगिरीत पिचलेल्यांच्या नातवंडांना आपला काळा राजा दिसला. पुढे या पंथात केस न कापण्याचं व्रत रुजलं. त्याला बायबलातल्या नाझीर व्रताचा आधार दिला जातो. गोऱ्या मालकाला आवडतील असे केस राखायचे नाहीत, हा त्यामागचा बाणा.

यात हिंदुस्थानाचा एक धागा आहे. 1845पासून जमैकात ऊसमळ्यांवर हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, नेले गेले. त्यांच्याबरोबर 'गांजा' हा शब्द गेला आणि तिथल्या बोलीत कायमचा राहिला. रास्ताफारीचा आद्य प्रचारक लेनर्ड हॉवेल यानं 1935च्या आसपास पुस्तिका काढली, ती जी. जी. मराग या नावानं. त्या 'मराग'मध्ये आपला 'महाराज' ऐकू येतो. जटाधारी साधूंवरून ही केशरचना आली असं काही अभ्यासक मांडतात, तर काही केनियाच्या माउ माउ बंडखोरांकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही. आपणच जगाला सगळं दिलं असं म्हणायची घाई मला करायची नाही.

त्या केसांनी मार खाल्लाय, हे मात्र निश्चित. 1963च्या एप्रिलमध्ये जमैकात कोरल गार्डन्स इथल्या हिंसाचारानंतर पोलिसांनी रास्ताफारींना धरून धरून मारलं, त्यांचे केस कापले. सरकारनं माफी मागितली ती 2017 साली. अमेरिकेत अलाबामा राज्यात एका स्त्रीला नोकरी देऊ केली आणि लॉक्स कापायला नकार दिला म्हणून काढून घेतली. 2016 साली अपील न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला, कारण केशरचना बदलता येते, कातडीचा रंग बदलता येत नाही. त्या निकालानं अनेकांना चीड आली. 2019 साली कॅलिफोर्नियानं पहिल्यांदा कायदा करून शाळेत आणि नोकरीत अशा केसांवरून भेदभाव करायला मनाई केली, मागोमाग इतर राज्यांनी.

भाचीला मी हे सगळं सांगितलं, कारण जे डोक्यावर घ्यायचं त्याचा इतिहास माहीत असावा. 'मग मी ते घेणं चूक आहे का, मामा?' असं तिनं विचारलं. याचं उत्तर शोधायला अमळनेरच्या बाहेर जावं लागत नाही. 1916 साली इथे प्रताप शेठजींच्या पाठबळावर तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालं. तीसच्या दशकात बंगालचे थोर तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य तिथे प्रमुख म्हणून आले. विचारांतल्या स्वराज्याविषयी त्यांचं एक व्याख्यान प्रसिद्ध आहे. बाहेरचं काही घेणं म्हणजे गुलामी, असं ते म्हणत नाहीत. आपलं आणि परकं समोरासमोर ठेवून, तोलून न पाहताच आपलं टाकून दिलं, तर ती गुलामी. माझ्या मते भाचीच्या बाबतीत ती गुलामी घडून गेली होती, केस सरळ करण्याच्या वेळी. सरळ, चमकदार केस म्हणजेच चांगले केस, हे तिला जाहिरातींनी, वर्गातल्या मुलींनी आणि सोयरिकी जुळवणाऱ्या बायांनी शिकवलं, आणि तिनं न तोलता मान्य केलं. आता ती पहिल्यांदा तोलून बघतेय.

उत्तर कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ भागात कोकणी बोलणारे सिद्दी राहतात. आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, शेकडो वर्षं इथलेच. लॉक्सना साजेसे केस असलेली माणसं आपल्या शेजारी आहेत आणि शाळेत त्यांच्या मुलांच्या केसांची टर उडवली जाते. लॉक्स मिरवणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीनं निदान ही टर थांबवायला तोंड उघडावं, अशी माझी अपेक्षा आहे. भाचीनं ती मान्य केली.

आता व्यवहाराचं. अमळनेरच्या सलूनवाल्यांना लॉक्स फोटोतून माहीत आहेत. करून घ्यायला पुणे-मुंबई गाठावी लागते. सरळ केस असतील तर उलटं विंचरून, बारीक हुकाच्या सुईनं केस आत ओढून पेड घट्ट करतात. कुरळ्या केसांना नुसता पीळ देऊनही सुरुवात होते. पेड नीट बसायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि पहिले काही महिने डोकं विस्कटलेलंच दिसतं. मुळांशी वाढलेले नवे केस दर महिना-दीड महिन्यानं वळून घ्यावे लागतात. ते फार ओढून बांधले तर कपाळाजवळचे, कानशिलांवरचे केस कायमचे जातात. धुवायचं नाही हा गैरसमज आहे. धुवायचंच, पण फेस पूर्ण निघेल असं. आपली रविवारची खोबरेल तेलाची चंपी मात्र बंद, कारण आत मुरलेलं तेल निघत नाही आणि त्यावर धूळ बसते. धुतल्यावर आतपर्यंत वाळवावं लागतं, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. जळगाव जिल्ह्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा. वाळायची काळजी नाही, पण घामाची आहे. आणि उन्हाळ्यात आपल्या नळांना रोज पाणी येईलच असं नाही, हेही धरून चालावं.

मोडायचं कसं, हा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण जटेत अडकलेल्या बाईला तोच विचारायची मुभा नव्हती. पहिल्या काही महिन्यांत लॉक्स तासन् तास बसून सोडवता येतात. पुढे बहुतेकदा कापणंच भाग पडतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे खांद्यापर्यंत परत यायला दोन वर्षं सहज. बँकेच्या मुलाखतीत, पोलीस भरतीत काय होईल, हेही मी तिच्यापुढे ठेवलं. आपल्याकडे कॅलिफोर्नियासारखा कायदा नाही.

माझ्या बहिणीचा विरोध हळूहळू उतरला, पण माझ्या युक्तिवादानं नाही. चैत्रात सप्तशृंगीला चालत जाणाऱ्यांपैकी ती आहे. देवीवर तिची श्रद्धा पक्की आहे. तिचं म्हणणं असं की देवीला मुलीच्या केसांत काय गोडी असणार, तिचा मळवट मोठा, तिचं मन मोठं. तिला खरी काळजी होती गावाची. पोरीच्या लॉक्सकडे बघून कुणी उद्या ओटी भरायला आलं तर? हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. ज्या गावात जट पुजली जाते, तिथे मुलीनं मिरवलेले पेड एखाद्या घाबरलेल्या बाईला 'बघ, शिकलेल्यासुद्धा ठेवतात' असं सांगू शकतात. भाचीनं त्यावर आईला शब्द दिला: कुणी नमस्कार केला तर तिथल्या तिथे थांबवून सांगायचं की हे मी पार्लरमध्ये करून घेतलंय आणि मला वाटेल तेव्हा कापणार आहे.

तूर्त ठरलंय ते एवढं. सरळ करणं आजपासून बंद. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ती माहेरवाशिणींसारखी घरी येईल तोवर मुळापासून जेवढे खरे केस वाढतील तेवढे बघायचे, कुरळे केस कुरळेच विंचरायला शिकायचं, आणि मग लॉक्स की मोकळे केस, हे तिनं ठरवायचं. दोन्हींपैकी काहीही ठरलं तरी आई बोल लावणार नाही.

यातून एक गोष्ट मात्र न ठरवता पुढे सरकली. बहिणीच्या गल्लीत एक वयस्क मावशी आहेत, डोक्यावर कित्येक वर्षांची जट. लेकीशी वाद घालता घालता बहिणीच्या मनात आलं की पोरगी ठेवायचं ठरवू शकते, तर मावशी काढायचं का नाही ठरवू शकत. ती जाऊन बसली, पुन्हा गेली. मावशींनी एवढंच सांगितलं की रात्री मान फार दुखते, आणि घरातल्यांना विचारावं लागेल. होकार अजून आलेला नाही. अंनिसच्या कार्यकर्त्यांचा फोन नंबर मात्र त्यांच्या सुनेनं लिहून घेतलाय.